आजची ओंजळ



मठात आलेला भक्त पायरीपाशी चपला काढतो, पाय धुतो, दर्शन घेतो, विभूती लावून घेतो आणि प्रसादाला बसण्यापूर्वी सुखदुःखाचे दोन शब्द बोलतो. मठाची जबाबदारी माझ्याकडे आली त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. या काळात त्या दोन शब्दांत एक शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो कानावर पडला की मला मनातल्या मनात हसू येते आणि थोडी काळजीही वाटते. तो शब्द म्हणजे 'पासून'. 'अप्पाजी, श्रावणापासून रोज इष्टलिंगपूजा करणार.' 'पाडव्यापासून तंबाखू बंद.' 'मुलीचे लग्न उरकले की वचने वाचायला बसणार.' 'नोकरीतून मोकळा झालो की धाकट्या भावाकडे जाऊन सारे मिटवून टाकणार.'

असे बोलणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांची कळकळ खरी असते, काहींच्या डोळ्यांत पाणीही तरळते. मी आशीर्वाद देतो आणि ते समाधानाने घरी जातात. सारी गोम त्या समाधानात आहे. संकल्प चार लोकांत बोलून दाखविला की निम्मे काम झाल्यासारखे वाटते. मनावरचा भार उतरतो, आणि भार उतरला की पाय उचलण्याची निकडही उरत नाही. पुढच्या श्रावणात तोच भक्त, तीच पायरी, तोच संकल्प! हल्ली तर सकाळी उठून मोबाईलवर एक वचन दहा जणांना पाठविले की, आजचे वचनवाचन झाले असेही वाटू लागले आहे. पाठविणाऱ्याने ते शेवटपर्यंत वाचलेले असतेच असे नाही.

संस्कृतात या दोषाला मोठा नेमका शब्द आहे, 'दीर्घसूत्रता'. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत, त्या यादीत अखेरीस 'दीर्घसूत्री' येतो. सूत लांबवीत बसणारा तो दीर्घसूत्री. ध्यानात घ्या, आळशी हा शब्द त्याच यादीत वेगळा येऊन गेलेला आहे. म्हणजे हे दोघे एक नव्हेत. आळशी मनुष्य अंथरुणात पडून असतो, त्याला त्याचा दोष घरचे लोक रोज ऐकवितात. दीर्घसूत्री मात्र जागा असतो, उद्योगात असतो. तो विचार करतो, चौकशी करतो, तयारी करतो, सामान जमवितो. त्याचे सूत निघतच असते, फक्त वस्त्र कधी विणले जात नाही. म्हणूनच त्याचा दोष दुसऱ्याला दिसत नाही आणि त्याला स्वतःलाही दिसत नाही.

हा दोष ज्यांनी अचूक ओळखला व त्यावरचा उपायही दाखविला, अशा एका शरणीची आज आठवण करू या. आयदक्की लक्कम्मा हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. बाराव्या शतकात, रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यातल्या अमरेश्वराच्या परिसरातून मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य बसवण्णांच्या कल्याणला आले. 'आयद अक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. ते दाणे निवडून, रांधून, लिंगाला अर्पून, जंगमांना वाढून मग उरलेला प्रसाद घेणे हा दोघांचा नित्यनेम. दोघांच्याही वचनांची मुद्रा अमरेश्वरलिंगाच्या नावाची आहे. लक्कम्मांनी आपल्या मुद्रेत पतीचे नावही गुंफले आहे. अशा या घरातले दोन प्रसंग शरणपरंपरेने जपून ठेवले आहेत.

पहिला प्रसंग शून्यसंपादनातला. मारय्या अनुभवमंटपात गेले. तेथे अल्लमप्रभूंच्या समोर अनुभावाची चर्चा रंगली होती. मारय्या त्यात इतके गुंगून गेले की दिवस किती वर आला याचे भान राहिले नाही. तांदूळ वेचायची वेळ टळू लागली. तेव्हा लक्कम्मा आल्या आणि पतीला त्यांनी स्पष्ट सांगितले की कायक थांबले आहे, उठा आणि कामाला लागा. जरा विचार करा. मारय्या काही पारावर पत्ते कुटीत बसले नव्हते. ते अनुभवमंटपात होते, प्रत्यक्ष अल्लमप्रभूंच्या सान्निध्यात होते आणि बोलणे चालले होते शिवाचे. याहून पवित्र निमित्त कोणते असणार? तरीही लक्कम्मांच्या दृष्टीने त्या घटकेला ते निमित्तच होते. कायकाला कैलासाचे स्थान देणाऱ्या पंथात, कायकाविषयीचे बोलणे हे कायकाच्या जागी बसू शकत नाही, एवढे त्या माउलीने जाणले होते.

दुसरा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. बसवण्णांनीच त्या दिवशी मुद्दाम जास्त दाणे सांडविले होते, असे सांगतात. लक्कम्मांनी पदरात पडलेले धान्य पाहिले आणि त्यांच्या ध्यानात आले की हे आजच्या गरजेपेक्षा अधिक आहे. एखादी गृहिणी म्हणाली असती, बरे झाले, उद्याची भ्रांत मिटली. लक्कम्मांनी हा लोभ भक्ताला शोभत नाही असे सांगून, जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून यायला लावले.

या दोन कथा आपण बहुधा वेगवेगळ्या सांगतो. पहिली कायकनिष्ठेची आणि दुसरी निर्लोभतेची. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. एकाच मुखातून दोन आज्ञा निघाल्या आहेत. एकदा 'ऊठ' आणि एकदा 'पुरे'. आज काहीच न करणे हा जसा दोष, तसा आजच सारे ओढून आणू पाहणे हाही दोष. आणि गंमत अशी की दुसऱ्या दोषातूनच पहिला जन्माला येतो. आपण उठत का नाही? तर आपल्याला एकदम पोतेभर हवे असते. रोज तासभर पूजा, शंभर वचने मुखोद्गत, तंबाखू, चहा, राग सारे एका दिवशी बंद! असा थोर संकल्प आजच्या दिवसात मावत नाही. आज बाजार आहे, घरी पाहुणे आहेत, अंगात कसकस आहे. मग त्या संकल्पाला राहायला जागा एकच उरते, ती म्हणजे उद्या. ओंजळभर काम आजच्या दिवसात कुठेही बसते. पोत्याला मात्र रिकामा दिवस लागतो, आणि असा दिवस संसारी माणसाच्या पंचांगात छापलेला नसतो.

इथे तुम्ही म्हणाल, स्वामीजींना सांगायला काय जाते! म्हणून आता माझाच एक अपराध तुमच्यापुढे ठेवतो. तो सांगितल्याविना या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सीमेजवळच्या एका खेड्यात विणकराच्या घरातल्या एक आज्जी होत्या. वय ऐंशीच्या घरात. अक्षराची ओळख नाही. पण जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येत की, 'दोन दळपं पुरतील एवढ्या' असे त्या स्वतःच म्हणत. त्या ओव्या मराठीत सुरू होत आणि मध्येच कानडीत शिरत, जशी त्या भागातल्या घराघरांतली बोली. त्यांत लक्कम्मांचे सूप होते, अक्कमहादेवींचे घर सोडणे होते, नीलांबिकेचे दुःख होते. कोणत्या पुस्तकात या ओव्या मी पाहिलेल्या नव्हत्या. मठाच्या जत्रेला आज्जी दरवर्षी येत आणि मंडपाच्या खांबाला टेकून हलक्या आवाजात म्हणत. एका वर्षी मला म्हणाल्या, 'अप्पाजी, माझ्या पाठीमागं ह्ये कोण म्हणणार? कुणीतरी लिवून घ्या.' मी म्हणालो, 'घेऊ की आज्जी. नुसते लिहून कशाला, चांगले पुस्तकच करू.'

त्या वर्षी मठाच्या सभागृहाचा स्लॅब पडायचा होता. दुसऱ्या वर्षी मी ठरविले की हे काम शास्त्रशुद्ध व्हावे, एखादा जाणकार प्राध्यापक बोलवावा, ध्वनिमुद्रणाची सोय करावी. तिसऱ्या वर्षी वाटले की आधी आपण ओवीच्या छंदाचा नीट अभ्यास करावा, प्रस्तावना मनात तयार असावी, मग बसावे. नमनालाच घडाभर तेल! पहिल्या दोन जत्रांना आज्जींनी विचारले, 'कधी येता?' तिसऱ्या जत्रेला त्यांनी विचारले नाही. नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि गेल्या. न विचारण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

त्याच वर्षी आषाढात आज्जी लिंगैक्य झाल्या. मी गेलो. क्रिया आटोपल्यावर त्यांच्या सुनेला विचारले, 'अव्वा, आज्जींच्या ओव्या तुम्हांला येतात का?' ती बिचारी ओशाळली. गावात गिरणी आल्यापासून तिने जाते ओढलेच नव्हते. आठवून आठवून तिने चार ओव्या पुऱ्या सांगितल्या, बाकीचे नुसते तुकडे. नातीची शाळेची वही घेतली, तिचीच पेन्सिल घेतली आणि ओसरीवर बसून मी त्या चार ओव्या लिहून काढल्या. उठलो तेव्हा सहज घड्याळ पाहिले. अर्धा तासही लागला नव्हता.

सद्भक्तहो, तीन वर्षांत मला तो अर्धा तास सापडला नव्हता! आणि मी आळशी नव्हतो. त्या तीन वर्षांत मी सभागृह बांधले, प्रवचने दिली, पहाटे चारला उठलो. माझा दोष वेगळा होता. मला ग्रंथ करायचा होता. आज्जींना फक्त कोणीतरी लिहून घ्यायला हवे होते. त्या ग्रंथावर माझे नाव असणार होते, त्याची प्रस्तावना विद्वानांनी वाखाणायची होती. पेन्सिलीने शाळेच्या वहीत लिहिणे मला माझ्या विद्वत्तेपुढे फार लहान वाटले. मोठ्या कामाच्या लोभाने लहान काम माझ्या हातून मेले. त्या दिवशी लक्कम्मांचा दुसरा प्रसंग मला प्रथम कळला.

त्यानंतर मी एक नेम धरला आहे. सोमवारी मठात जी वडीलधारी माउली येईल तिच्याकडून प्रसादापूर्वी एक ओवी लिहून घ्यायची. एकच. दुसरी सांगू लागली तर तिला म्हणतो, आज्जी, ती पुढच्या सोमवारची. आता तिसरी वही चालू आहे. तिच्यात पुष्कळ चांगल्या ओव्या आहेत. त्या आज्जींच्या दोन दळपांच्या ओव्या मात्र तिच्यात नाहीत आणि आता त्या कोठेही नाहीत.

लिहून घेण्याच्या या गोष्टीवरून एका थोर पुरुषाचे स्मरण होणे साहजिक आहे. आज आपण बसवण्णांची, अल्लमांची, अक्कमहादेवींची वचने सहज हाती घेतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती ताडपत्रांत होती, आणि ती ताडपत्रे घरोघरी देव्हाऱ्यावर वस्त्रात गुंडाळून ठेवलेली असत. त्यांची पूजा होई. वाचन मात्र क्वचितच होई. फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी यांचा जन्म 1880 साली धारवाडात झाला आणि पुढे विजापुरात त्यांनी वकिली केली. हा वकील अशिलांची कामे सांभाळून गावोगाव हिंडला. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात असलेल्या पोथ्या मागितल्या, त्या उतरून घेतल्या, ताडून पाहिल्या. 'वचनशास्त्रसार' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग 1923 साली बेळगावात छापून निघाला. 1925 साली त्यांनी विजापुरात स्वतःचा छापखाना काढला आणि 1926 साली 'शिवानुभव' हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्यापूर्वी पन्नासएक वचनकारांची नावे माहीत होती, ती संख्या त्यांच्या शोधामुळे दोनशेंच्या पुढे गेली, असे अभ्यासक सांगतात. 1964 साली ते गेले. 2 जुलै हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटकात वचनसाहित्याच्या रक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो.

आपण त्यांना वचनपितामह म्हणतो आणि त्यांचा डोंगराएवढा संग्रह पाहून हात जोडतो. पण हे काम डोंगर म्हणून कधी झालेच नाही. ते एका पोथीचे एक पान, त्या पानावरची एक ओळ, असेच झाले. सगळ्या पोथ्या एकत्र मिळाल्या की मग बसू, असे त्यांनी म्हटले असते तर त्या पोथ्या वाळवीने बसल्या जागी संपविल्या असत्या. वाळवीला दीर्घसूत्रता ठाऊक नाही. ती रोज थोडे थोडे खाते. काळाचे कामही असेच चालते. थोडे थोडे खाणाऱ्याशी झुंज द्यायची तर थोडे थोडे वाचविणाऱ्यालाच ती देता येते.

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला गेलेल्या आपल्या भक्तांनी सिद्धेश्वर मंदिराभोवतीचे तळे पाहिले असेल. सिद्धराम शिवयोग्यांनी लोकांना बरोबर घेऊन ते खोदले, अशी परंपरा आहे. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण पाण्याविषयी म्हणतो. पण पाणी साचण्याआधी माती निघावी लागते, आणि ती टोपलीटोपलीनेच निघते. पहिली टोपली डोक्यावर घेणाऱ्याला तळे दिसत नसते. त्याला खड्डासुद्धा दिसत नसतो. त्याला फक्त टोपली दिसते, आणि तेवढे पुरते.

आता हे तुमच्या-आमच्या घरात कसे आणायचे, ते पाहू. मठात आलेल्यांशी जे बोललो त्यातलेच काही सांगतो.

एक गृहस्थ दूर इंदूरकडे राहतात. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी. निवृत्तीनंतर वचने मूळ कानडीत वाचायची अशी त्यांची इच्छा, आणि लिपी येत नाही म्हणून सात वर्षे खोळंबा. मी त्यांना म्हटले, आज 'बसव' एवढा शब्द कानडीत लिहायला शिका. अक्षरे तीन. उद्या पुन्हा तीच तीन लिहा. तिसऱ्या दिवशी तुमचे स्वतःचे नाव. त्यांनी त्याच जागी, मठाच्या ओसरीवर, 'बसव' लिहिले आणि लहान मुलासारखे हसले.

एका भगिनीची तक्रार होती की लग्नानंतर इष्टलिंगपूजा सुटली. माहेरी तासभर पूजा चाले, सासरी घड्याळावर धावपळ. तासभर मिळत नाही म्हणून पूजा नाहीच, असे नऊ वर्षे चालले होते. तिला सांगितले, बाई, विभूती लाव, इष्टलिंग तळहातावर घे, पाच श्वास दृष्टी त्यावर ठेव आणि मस्तकाला लावून परत ठेव. मात्र ते पाच श्वास तुझे आणि लिंगाचे. त्यात दूध उतू गेले तरी डोळा हलवू नकोस. ती म्हणाली, 'एवढ्याने देवाला चालेल?' मी म्हटले, नऊ वर्षे काहीच न केलेले त्याने चालवून घेतले ना?

दोघे सख्खे भाऊ. बांधावरून वाद, कोर्ट, अकरा वर्षे अबोला. थोरल्याला वाटे, एकदा सगळ्या नातेवाइकांना बोलावून मोकळेपणाने सारे मिटवू. पण सगळे नातेवाईक एकत्र येतात ते लग्नाला किंवा मयताला. त्याला म्हणालो, मिटवायचे राहू दे. उद्या सकाळी बांधावर धाकटा दिसला की 'पाऊस बरा झाला का रे तुझ्याकडे?' एवढेच विचार. उत्तर नाही मिळाले तरी परवा पुन्हा विचार. त्याने विचारले का आणि उत्तर मिळाले का, ते मी इथे सांगत नाही, ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. पण अकरा वर्षांत जे वाक्य जड झाले होते, ते किती हलके आहे एवढे त्याला कळले.

या तिन्हींतून काही गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही की काम लहान असावे, पण अर्धवट नसावे. मारय्या ओंजळभरच दाणे वेचीत, पण प्रत्येक दाणा वाकून, पाहून, निवडून घेत. पाच श्वासांची पूजा असेल तर पाचही श्वास पुरे घ्यावेत. लहान म्हणजे कसेतरी, असा अर्थ केला तर तो लक्कम्मांच्या शिकवणीचा विपर्यास होईल.

दुसरी गोष्ट मागच्या बाकीची. चार दिवस नेम चालतो आणि पाचव्या दिवशी चुकतो. चुकणारच, आपण संसारी आहोत. सहाव्या दिवशी मन म्हणते, आज दुप्पट करून भरपाई करू. इथेच फसगत होते. दुप्पट जड जाते म्हणून सहावाही दिवस बुडतो, सातव्याला तिप्पट, आणि आठव्या दिवशी माणूस म्हणतो, आता पुढच्या श्रावणापासून! लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ परत पाठविले, हे अशा वेळी आठवावे. कालची ओंजळ काल गेली. आज आजचीच भरायची. सावकाराचे कर्ज फेडलेच पाहिजे, पण कालच्या दिवसाचे कर्ज फेडण्याची सोय शिवाने ठेवलेली नाही, आणि ती त्याची मोठी कृपा आहे.

तिसरी गोष्ट भीतीची. पुष्कळदा आपण टाळतो ते आळसाने नव्हे, तर लाजेने. साठीत अक्षरे गिरवायची लाज वाटते, भावाने तोंड फिरविले तर काय, अशी भीती वाटते. माझ्यासारख्याला आपण फार लहान काम करीत आहोत, याची लाज वाटते. या भीतीला उपदेशाने कोणी हटवू शकत नाही. पण काम पुरेसे लहान केले की ती आपोआप मागे सरते. तीन अक्षरांची, एका प्रश्नाची, पाच श्वासांची भीती बाळगायला तिलाही संकोच वाटतो.

काही जण विचारतील, शुभकार्य आहे, मग दिवस पाहायला नको का? आपल्या बसवण्णांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. लग्नकार्याला मुहूर्त विचारायला आलेल्याची उद्यावर बोळवण करू नका, आजच्या दिवसाचा पक्ष घ्या, अशा आशयाचे त्यांचे एक वचन आपण सारे जाणतो. आणि दुसऱ्या एका वचनात, केस पिकण्यापूर्वी, पाठ वाकण्यापूर्वी, दुसऱ्याच्या आधारावर जगण्याची पाळी येण्यापूर्वी कूडलसंगमदेवाला पूजून घ्या, असा त्यांचा कळवळा आहे. हे वचन तरुणांना भिववण्यासाठी आहे, असे मला पूर्वी वाटे. आता माझेच केस पिकल्यावर वाटते, यात धाक नाही, माया आहे. आई मुलाला म्हणते ना, ऊन चढायच्या आत जाऊन ये बाळा, तसे ते आहे. ज्यांचे केस पिकले, पाठ वाकली, त्यांनी वेळ गेली असे समजू नये. आजचा दिवस त्यांनाही मिळालेलाच आहे, आणि तो तरुणाच्या दिवसाएवढाच लांब आहे.

तेव्हा सद्भक्तहो, एवढेच मागणे आहे. हा लेख आवडला असे मला पत्राने कळवू नका, कोणाला वाचून दाखविण्याचा संकल्प करू नका, आणि 'अप्पाजी, उद्यापासून' असे तर मुळीच म्हणू नका. तुमच्या मनात एक काम आहे. हे वाचताना तीन-चार वेळा ते डोकावून गेले असेल, ते कोणते हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याची आजची ओंजळ किती, तेवढे ठरवा. एक ओळ, एक फोन, पाच श्वास, गल्लीच्या टोकापर्यंतची एक चक्कर, हिशेबाच्या वहीतले एक पान. अंक मिटा, उठा, आणि तेवढे करून या. तेवढेच करा, जास्त केले तर लक्कम्मा परत पाठवतील.

आमच्या मठाच्या सभागृहात आज्जी ज्या खांबाला टेकून बसत, त्या खांबाशी मी सोमवारी वही घेऊन बसतो. तुमच्या घरी कोणी आज्जी असतील, त्यांना जात्यावरचे काही येत असेल, तर त्यांना मठात घेऊन येण्याची वाट पाहू नका. नातवंडाची वही घ्या, पेन्सिल घ्या आणि आज रात्री जेवणापूर्वी एक ओवी लिहून घ्या.

शरणु शरणार्थी.